गाडीची साफसफाई: ओळखीच्या घरापासून सुरुवात, पण हिशेबानं



आपल्या वसई तालुक्यात गाड्या किती वाढल्या हे आपण रोज बघतो. विरार-नालासोपाऱ्यात इमारतींखाली गाडी उभी करायला जागा मिळत नाही. आणि आता खानिवडे, शिरसाड, पारोळ, कामण अशा गावांतही ज्या अंगणात आधी फटफटी असायची, तिथं चारचाकी उभी दिसते. कुणाची घरची, कुणाची भाड्यानं चालवायची. या गाड्या वापरणाऱ्यांना त्या साफ हव्या असतात, पण साफ करायला वेळ नसतो. म्हणूनच काही गटांच्या बैठकीत हा प्रश्न येतो की, "ताई, गाड्या साफ करायचं काम आपण घेतलं तर चालेल का?"

चालेल. पण आधी दोन गोष्टी समजून घेऊ. एक, काम नीट कसं करायचं. दुसरी, ओळखीच्या माणसाकडून पैसे कसे घ्यायचे. पहिली गोष्ट आठवड्याभरात शिकता येते. अवघड आहे ती दुसरी, आणि बहुतेक वेळा असा धंदा तिथंच बसतो.

धुणं वेगळं, डिटेलिंग वेगळं

सोसायटीत सकाळी बादली घेऊन गाड्या पुसणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. ती बाहेरची धूळ काढतात आणि महिन्याचे पैसे घेतात. डिटेलिंग म्हणजे गाडीची आतून-बाहेरून बारकाईनं साफसफाई. सीटच्या फटीतले कुरकुरे, एसीच्या जाळीतली धूळ, दाराच्या खाचेतला चिखल, काचेवरचा आतला तेलकट थर, डिकीतली वाळू, हे सगळं त्यात येतं.

यात पॉलिश, मशीननं रबिंग, सिरॅमिक कोटिंग असे पुढचे प्रकारही असतात. त्याला आपण अजिबात हात लावायचा नाही. गाडीच्या रंगावर जो पारदर्शक थर असतो, तो माणसाच्या केसापेक्षाही पातळ असतो. नवख्या हातानं मशीन फिरवलं तर तो थर उडतो आणि रंगाचं काम गळ्यात पडतं. ते शिकायचं असेल तर आधी एखाद्या जाणत्याच्या हाताखाली काम करावं.

माझं सांगणं असं की, सुरुवात आतल्या साफसफाईपासून करा. त्याची चार कारणं आहेत. आतल्या कामाला पाणी फार कमी लागतं. बाहेरच्या रंगावर ओरखडा पडायची भीती नसते. रोज गाडी पुसणाऱ्या माणसाच्या पोटावर पाय येत नाही, कारण तो आतलं काम सहसा करत नाही. आणि कोपरे, फटी, डाग काढणं हे काम आपल्या हाताला आधीच सवयीचं आहे.

आपल्याकडे हे काम कधी येतं

आपल्या भागात या कामाला हंगाम आहे. गणपतीत कोकणात जाऊन आलेल्या गाड्या चिखलानं भरलेल्या असतात. दसऱ्याला गाडीची पूजा असते, त्यामुळे आदल्या दोन-तीन दिवसांत प्रत्येकाला गाडी चकाचक हवी असते. दिवाळी, लग्नसराई, आणि नंदाखाल, गास, निर्मळ, पापडी या बाजूला नाताळ. उन्हाळ्याच्या सुट्टीत अर्नाळा, राजोडी, कळंबच्या किनाऱ्यावर जाऊन आलेल्या गाड्यांत वाळू असते. पावसाळ्यात धुण्याचं काम कमी होतं, पण आतली ओल, कुबट वास, सीटवरची बुरशी हे काम वाढतं.

म्हणजे सुरुवात करायची तर दसऱ्याच्या आठवड्यात करू नका. त्या वेळी घाई असते आणि घाईत चूक होते. एक-दोन महिने आधी हात बसवून घ्या.

सामान किती आणि काय

दोघी मिळून काम करायचं असं धरून यादी देत आहे. भाव अंदाजे आहेत. तुम्ही वसई-विरारच्या बाजारात दोन दुकानांत विचारून स्वतःचा आकडा लिहा.

- छोटा व्हॅक्युम क्लीनर: ३,५०० रुपये
- मायक्रोफायबरची मऊ कापडं, ८ नग: ६०० रुपये
- गाडीचा शॅम्पू, १ लिटर: ३५० रुपये
- बाहेरून धुण्यासाठी मऊ हातमोजे, २ नग: ३०० रुपये
- बादल्या, २ नग: ३०० रुपये
- काच आणि आतलं प्लास्टिक पुसायची द्रावणं: ३०० रुपये
- मऊ आणि मध्यम ब्रश: २५० रुपये
- रबरी हातमोजे, मास्क, वही: २०० रुपये

एकूण झाले ५,८०० रुपये. व्हॅक्युम सोडला तर २,३०० रुपयांत सामान येतं. पण आतलं काम व्हॅक्युमशिवाय नीट होत नाही. कुणाकडे घरचा असेल तर पहिले दोन महिने तो वापरा.

कापडांचे रंग ठरवून घ्या. एक रंग काचेला, एक आतल्या प्लास्टिकला, एक चाकांना. चाकाचं कापड चुकूनही काचेवर किंवा रंगावर जाता कामा नये, कारण त्यात बारीक खडे आणि ब्रेकची धूळ अडकलेली असते.

बाटल्यांवर मराठीत मोठ्या अक्षरात नाव लिहा. कोल्ड्रिंकच्या बाटलीत औषध कधीच भरू नका. घरात लेकरं असतात.

आतलं काम, क्रमानं

१. गाडीमालकाला आधी सगळं सामान काढायला सांगा. पैसे, कागदपत्रं, चष्मा, देवाची मूर्ती, मुलांची खेळणी. आपण काढायचं नाही, मालकानं काढायचं. तरी सीटखाली काही सापडलं, अगदी पाच रुपयांचं नाणं असलं, तरी ते डॅशबोर्डवर ठेवायचं आणि हातात देऊन सांगायचं.

२. मॅट बाहेर काढून झटका. रबरी मॅट धुवा, कापडी मॅट व्हॅक्युमनं साफ करा.

३. कोरडं काम आधी, ओलं नंतर. मऊ ब्रशनं एसीच्या जाळ्या, बटणांच्या फटी, सीटची शिवण यातली धूळ मोकळी करा आणि लगेच व्हॅक्युम फिरवा. वरून खाली या. छत, डॅशबोर्ड, सीट, शेवटी जमीन आणि डिकी. आधीच ओलं कापड फिरवलं तर धुळीचा चिखल होऊन फटीत बसतो.

४. द्रावण कापडावर मारा, गाडीवर मारू नका. स्क्रीन, बटणं, स्पीकर यांच्यात ओल गेली तर मोठा खर्च येतो. सीटखाली वायरी असतात, म्हणून आत कधीच पाणी ओतायचं नाही.

५. कापडी सीटवरचा डाग काढताना थोड्या फेसानं, ब्रशनं हलकं घासा आणि कोरड्या कापडानं दाबून ओल उचला. भिजवू नका. भिजलेली सीट पावसाळ्यात दोन दिवस वाळत नाही, मग वास येतो आणि गिऱ्हाईक परत येत नाही. काम झाल्यावर दारं उघडी ठेवून वारा लागू द्या.

६. काच सगळ्यात शेवटी. एका कापडानं पुसा, दुसऱ्या कोरड्या कापडानं चकाकी आणा.

७. चकाकीचं पॉलिश स्टिअरिंग, पायातले पेडल आणि सीट यांना लावू नका. हात-पाय घसरून अपघात होऊ शकतो. मालकानं आग्रह केला तरी नाही म्हणा.

दोघी असाल तर छोट्या गाडीला दीड तास लागतो असं धरा. पहिल्या पाच-सहा गाड्यांना जास्त लागेल. त्यात लाज वाटून घेऊ नका.

बाहेरून धुताना

आतलं काम जमलं आणि जागा-पाणी असेल, तरच बाहेरचं काम घ्या. तिथं या चुका टाळा.

महामार्गाच्या बाजूच्या गाड्यांवर बारीक वाळू आणि सिमेंटची धूळ असते. कोरड्या गाडीवर कापड फिरवलं की तीच वाळू रंगावर घासते आणि उन्हात बारीक गोल रेघा दिसतात. म्हणून आधी पाणी टाकून धूळ भिजवा आणि वाहू द्या.

दोन बादल्या ठेवा. एकीत शॅम्पूचं पाणी, दुसरीत साधं. मोजा गाडीवर फिरवला की आधी साध्या पाण्यात पिळायचा, मगच परत शॅम्पूत बुडवायचा. नाहीतर काढलेली माती आपणच परत गाडीवर घासतो. वरून सुरू करा, चाकं शेवटी.

कपड्याची पावडर किंवा भांड्याचा साबण वापरू नका. तो चिकटपणा काढायला केलेला असतो, गाडीवरचं मेणही काढून टाकतो. संडास साफ करायचं ॲसिड चाकांवर तर मुळीच नाही. आणि ॲसिड व ब्लीच कधीही एकत्र करू नका, त्यातून विषारी वायू निघतो.

गाडी सावलीत धुवा आणि लगेच पुसा. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग उन्हात लगेच बसतात. पक्ष्याची घाण घासू नका. त्यावर ओलं कापड पाच मिनिटं ठेवा, मऊ झाली की अलगद उचला. इंजिनवर पाणी मारू नका. किनाऱ्यावरून आलेल्या गाडीची चाकांच्या वरची पोकळी नीट धुवा, कारण खारट वाळू तिथं राहिली तर पत्रा गंजतो.

पाण्याचा विचार

वसईच्या बाईला पाण्याचं मोल सांगायची गरज नाही. टँकरनं होणाऱ्या उपशाविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकारानं हरित वसई संरक्षण समितीनं केवढी चळवळ उभी केली होती, हे घरातल्या मोठ्यांना विचारा. आजही शहराला सूर्या प्रकल्पाचं पाणी येत असलं तरी कितीतरी सोसायट्या टँकर मागवतात. गावात तर मार्चनंतर विहिरीकडे बघून पाणी वापरावं लागतं. अशा ठिकाणी पाइप सोडून गाडी धुणाऱ्या बायका म्हणून आपलं नाव व्हायला नको.

एकदा स्वतः मोजून बघा. १५ लिटरची बादली नळाच्या पाइपाखाली ठेवा आणि भरायला किती वेळ लागतो ते बघा. दीड मिनिटात भरली तर तो पाइप मिनिटाला १० लिटर सोडतो. पाइप २० मिनिटं चालू राहिला तर २०० लिटर गेले. तीच छोटी गाडी चार बादल्यांत, म्हणजे ६० लिटरमध्ये नीट धुता येते. हा आकडा गिऱ्हाइकालाही सांगा. सोसायटीच्या सेक्रेटरीकडे परवानगी मागताना तो उपयोगी पडतो.

साबणाचं, तेलकट पाणी विहिरीकडे, ओढ्यात किंवा बावखलात जाऊ देऊ नका. धुण्याची जागा त्यांच्यापासून लांब निवडा.

आता पैशाचं बोलू

काम ओळखीच्या माणसांपासूनच सुरू होतं. शेजारी, दीर, शाळेतले मास्तर, जिथं घरकामाला जातो ती मालकीण. त्यांचा आपल्यावर विश्वास असतो, म्हणून ते पहिली गाडी देतात. आणि ओळख आहे म्हणूनच पैशाचं बोलताना आपली जीभ अडखळते. समोरचा म्हणतो, "काय गं, घरचीच गाडी आहे, पैसे कसले?" किंवा काम झाल्यावर दोनशेची नोट हातावर ठेवतो, आणि आपण "असू दे" म्हणतो.

त्या दोनशे रुपयांचा हिशेब करून बघू. छोटी गाडी, फक्त आतली साफसफाई.

- दोघींचा दीड-दीड तास, म्हणजे ३ तास. तासाला ७५ रुपये धरले तर २२५ रुपये
- शॅम्पू, द्रावण: ३० रुपये
- सामानाची झीज: ६० रुपये (५,८०० रुपयांचं सामान साधारण १०० गाड्यांना पुरेल असं धरून)
- रिक्षाचं येणं-जाणं: ४० रुपये
- नुकसानीसाठी बाजूला: ४५ रुपये

एकूण ४०० रुपये.

आता दोनशेच मिळाले तर काय होतं? द्रावण, झीज आणि रिक्षा मिळून १३० रुपये तर गेलेच. नुकसानीसाठी काहीच ठेवलं नाही तरी उरले ७०, म्हणजे प्रत्येकीला ३५ रुपये. दीड तासाचे ३५, म्हणजे तासाला २३ रुपये. एप्रिल २०२५ पासून महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. आठ तासांनी भागलं तर तासाला ३९ रुपये पडतात. म्हणजे स्वतःचं सामान, स्वतःचं कौशल्य, स्वतःची जोखीम घेऊन आपण खड्डे खोदण्याच्या मजुरीपेक्षाही कमी घेतलं. आणि हातात नोट आली म्हणून कमाई झाली असं वाटत राहतं. व्हॅक्युम बंद पडला की मग कळतं की गाठीला काहीच नाही.

७५ रुपये तास हा माझा आकडा आहे. तुमच्या गावात दर काय मिळेल हे विचारून ठरवा. जवळच्या वॉशिंग सेंटरवर आतल्या साफसफाईचा दर विचारा. आकडा कमी-जास्त होईल. पण आपला वेळ हिशेबात धरल्याशिवाय दर ठरवायचा नाही, हे मात्र पक्कं.

ओळखीच्या माणसाला दर कसा सांगायचा

काम सुरू करायच्या आधी सांगायचा. काम झाल्यावर सांगितलेला दर मागितल्यासारखा वाटतो, आधी सांगितलेला दर ठरल्यासारखा वाटतो.

दर कागदावर लिहा. छोटी गाडी, मोठी गाडी, आतून, आतून-बाहेरून. चारच ओळी पुरेत. कागद दाखवला की तो गटाचा दर होतो, तुमच्या एकटीचा राहत नाही. मग म्हणता येतं, "काका, दर आमच्या दोघींनी मिळून ठरवलाय, सगळ्यांना हाच आहे."

सवलत द्यायची असेल तर दर सांगून द्या. "वहिनी, दर चारशे आहे, तुमची पहिली गाडी म्हणून साडेतीनशे." मग पुढच्या वेळी त्यांच्या मनात चारशे राहतात. दर न सांगता साडेतीनशे घेतले तर तोच दर होऊन बसतो.

सराव फुकट करा, पण सराव म्हणून सांगून करा. पहिल्या दोन-तीन गाड्या भावाची, जावयाची, घरच्या टेम्पोची घ्या. "मी शिकतेय, पैसे नकोत, पण कुठं राहिलं ते सांग." तीन झाल्या की सराव संपला. चौथीला दर.

उधारी एकाच गाडीची. मागचे पैसे आल्याशिवाय पुढची गाडी घ्यायची नाही. आपल्या गटात कर्जाचा हप्ता थकला की काय होतं ते आपल्याला माहीत आहे. तोच नियम इथं.

आणि कुणी नाही म्हटलं तर राग धरू नका. ज्याला चारशे परवडत नाहीत, त्याच्याशी शेजारपण राहू द्या. फक्त दोनशेत काम घेऊ नका.

गाडीला हात लावण्याआधी

मालकाला सोबत घेऊन गाडीभोवती एक फेरी मारा. जुने ओरखडे, पोचे, फाटलेली शिवण, न चालणारं बटण, सगळं वहीत लिहा आणि मोबाईलवर फोटो काढा. "दादा, हे आधीचं आहे, बघून घ्या." नंतर वाद होतात ते बहुतेक जुन्या ओरखड्यावरूनच. फेरीला पाच मिनिटं लागतात आणि त्यानं नातं वाचतं.

गाडी सुरू करायची नाही, हलवायची नाही. हलवायची असेल तर मालकाला बोलवा. लायसन्स नसताना दोन फूट मागे घेतली आणि कुठं लागलं, तर सगळ्या वर्षाची कमाई जाते.

आपल्या हातून नुकसान झालंच तर लपवू नका. लगेच दाखवा. त्यासाठीच प्रत्येक गाडीमागे ४५ रुपये वेगळ्या डब्यात ठेवायचे आहेत. वीस गाड्यांनंतर त्यात ९०० रुपये असतात. मोठ्या नुकसानीला ते पुरणार नाहीत, म्हणूनच सुरुवातीला महागड्या गाड्या आणि पॉलिशची कामं घ्यायची नाहीत.

अनोळखी ठिकाणी एकटीनं जाऊ नका. दोघींनीच जा, दिवसा जा, आणि कुठं जातोय ते गटात सांगून जा. व्हॅक्युमची वायर ओल्या हातानं लावू नका.

सामानासाठी कर्ज आणि हातात येणारे पैसे

५,८०० रुपयांसाठी बँकेत जायची गरज नाही. गटाचं अंतर्गत कर्ज पुरतं. व्याज महिन्याला १ टक्का असेल आणि मुद्दल दहा हप्त्यांत फेडायची असेल, तर पहिला हप्ता ५८० अधिक ५८, म्हणजे ६३८ रुपये. पुढे दर महिन्याला व्याज कमी होत जाईल. दहा महिन्यांचं मिळून व्याज ३१९ रुपये. प्रत्येक गाडीमागे झिजेचे ६० रुपये बाजूला काढले, तर महिन्याला ११ गाड्यांत ६६० रुपये जमतात आणि हप्ता त्यातूनच निघतो. मजुरीला हात लागत नाही. म्हणून कर्ज घेण्याआधी स्वतःला विचारा की, महिन्याला ११ गाड्या मिळतील का? ओळखीची घरं मोजा. सहाच निघाली तर व्हॅक्युम आणखी एका गटासोबत भागीत घ्या.

११ गाड्यांत मजुरी किती मिळते तेही बघा. ११ गुणिले २२५, म्हणजे २,४७५ रुपये. दोघींत वाटले तर प्रत्येकीला १,२३७. वीस गाड्या झाल्या तर २,२५०. यावर घर चालत नाही. पण शेती, घरकाम, पापड-मसाल्याच्या जोडीला ही रक्कम येते आणि ती आपल्या स्वतःच्या कष्टाची असते. कुणी "महिन्याला पन्नास हजार" असं सांगून महागडं मशीन गळ्यात मारत असेल, तर त्याला हा हिशेब मांडायला सांगा.

पैसे मोबाईलवर घ्यायचे तर कोड तुमच्या स्वतःच्या खात्याचा लावा. मुलाच्या किंवा नवऱ्याच्या खात्यात गेलेले पैसे घरखर्चात कधी विरघळतात ते कळत नाही. मग हप्त्याच्या दिवशी आपणच हात पसरतो.

पुढे काम वाढलं आणि धंद्याची नोंद हवी वाटली तर उद्यम नोंदणी आधारवर ऑनलाइन होते आणि ती मोफत असते. त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. बँकेचं मुद्रा कर्ज शिशु प्रकारात ५०,००० रुपयांपर्यंत मिळतं. पण वहीत सहा महिन्यांचा हिशेब असल्याशिवाय तिकडे वळू नका.

वही अशी ठेवा

एका गाडीला एक ओळ. तारीख, मालकाचं नाव, गाडीचा प्रकार, काय काम केलं, किती वेळ लागला, ठरलेला दर, मिळालेले पैसे, बाकी. आठवड्यातून एकदा दोघींनी बसून चार भाग करायचे. मजुरी, सामानाची झीज, खर्च आणि नुकसानीचा डबा. मजुरी तिथंच वाटून घ्यायची. "किती वेळ लागला" हा रकाना सोडू नका. दोन महिन्यांनी तोच रकाना सांगेल की तुमचा दर बरोबर आहे की वाढवायला हवा.

पुढच्या बैठकीत हा लेख वाचून झाला की एवढंच करा. ज्या दोघींना हे काम करावंसं वाटतं त्यांनी उभं राहावं. बाकीच्यांनी त्यांना ओळखीची दहा घरं सांगावीत. आणि सगळ्यांनी मिळून दराचा कागद तिथंच लिहावा. मग त्या दोघी शेजाऱ्याच्या दारात उभ्या राहतील तेव्हा त्यांच्या मागे अख्खा गट असेल, आणि दर सांगताना आवाज खाली जाणार नाही.